माझ्या रोहितचं लग्न कोणी लावलं

माणसावर रागावले की मी त्याच्याशी बोलणं बंद करते, हे आमच्या नाशिक रोडच्या कॉलनीत सगळ्यांना ठाऊक आहे. देवाशीही मी दोनदा अबोला धरलेला आहे. एकदा माझे यजमान गेले तेव्हा, आणि दुसऱ्यांदा गेल्या जानेवारीत, मुलाच्या लग्नाला चार दिवस उरलेले असताना. पहिला अबोला वर्षभर टिकला. दुसरा विंचूरच्या बसथांब्यावर सुरू झाला आणि नाशिक यायच्या आत मिटला. तो का धरला आणि कसा मिटला, ते सांगायचं मनात बरेच दिवस आहे. कोणाला काही पटवून द्यावं असा माझा हेतू नाही. आभार मानायचे राहून गेले तर मन खात राहतं, म्हणून लिहिते आहे.

मी महापालिकेच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाले. शाळा सुटली तरी घंटा मात्र अजून माझ्याच हातात आहे, असं रोहित म्हणतो आणि ते खोटं नाही. रोहित माझा एकुलता एक. पण घरात मुलं दोन वाढली. माझी धाकटी बहीण गेली तेव्हा तिचा प्रशांत सहा वर्षांचा होता आणि रोहित आठ. दोघं एका पलंगावर झोपले, एकाच डब्यातून शाळेत जेवले, एकमेकांची डोकी फोडली आणि पुन्हा एकमेकांच्याच मांडीवर डोकं ठेवून झोपले. प्रशांतला मी कधी भाचा म्हणून वेगळं ताट वाढलं नाही. बारावीनंतर तो फादर व्हायला सेमिनरीत गेला, तेव्हा मी आठ दिवस रडले आणि नवव्या दिवशी सगळ्या कॉलनीत पेढे वाटले. त्या पेढ्यांबरोबरच माझ्या मनात एक गोष्ट पक्की झाली, ती म्हणजे माझ्या एका लेकाचं लग्न माझा दुसरा लेक लावणार. बहिणीला वरून हे दिसेल, मला खालून दिसेल, आणि मग मला देवाकडे मागायला काही उरणार नाही.

रोहितने मुलगी पसंत केली ती लिन्सी. चर्चच्या गायनवृंदात दोघांची ओळख झाली. तिचे वडील जोसभाऊ तीस वर्षांपूर्वी केरळमधून इकडे आले, देवळालीच्या रस्त्याला त्यांचं टायरचं दुकान आहे. मुलगी फिजिओथेरपिस्ट, बोलायला मऊ, मराठी तर माझ्या काही विद्यार्थ्यांपेक्षा शुद्ध. मग अडचण कसली? अडचण एवढीच की आम्ही लॅटिन रीतीचे कॅथलिक आणि ते सिरो-मलबार रीतीचे. ज्यांना हे नवीन आहे त्यांच्यासाठी सांगते. कॅथलिक चर्च एक, पोपही एक, पण त्यात उपासनेच्या निरनिराळ्या जुन्या रीती आहेत, आणि प्रत्येक रीतीचे आपापले नियम. महाराष्ट्रातले आम्ही बहुतेक लॅटिन रीतीचे. केरळातल्या पुष्कळ कॅथलिकांची रीत पूर्वेकडची, फार प्राचीन. या दोन रीतींत लग्नं होतात, त्यात कसलीही बंदी नाही. पण मला त्या वेळी या सगळ्याचा कंटाळा होता. कॅथलिक म्हणजे कॅथलिक, एका घरात दोन चुली कशाला, असं माझं सरळ मत होतं, आणि ते मी कोणी विचारायच्या आधीच सांगत असे.

प्रशांत नोव्हेंबरात उपयाजक झाला. ही फादर होण्याआधीची शेवटची पायरी. उपयाजकाला मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, करता येत नाही, पण तो बाप्तिस्मा देतो, शुभवर्तमान वाचतो, प्रवचन करतो, आणि फादरांनी अधिकार दिला तर लग्नही लावतो. मी दुसऱ्याच दिवशी आमच्या फादरांकडे गेले. ते प्रशांतला लहानपणापासून ओळखतात. म्हणाले, "मिस्सा मी करतो, लग्न प्रशांत लावेल. तुमची एवढी इच्छा आहे तर होऊन जाऊ द्या." मी घरी येईपर्यंत रस्त्यात भेटलेल्या निदान दहा जणांना सांगितलं. पत्रिकेत त्याचं नाव छापलं, उपयाजक प्रशांत यांच्या शुभहस्ते, आणि अक्षर वधू-वरांच्या नावाएवढंच मोठं ठेवायला लावलं. छापणारा म्हणाला, बाई, बरं दिसणार नाही. मी म्हटलं, तुला काय कळतंय.

आता जे सांगायचं आहे ते सांगताना अजून लाज वाटते. बोलणी करायला जोसभाऊ आणि त्यांची पत्नी आमच्याकडे आले होते. चहा झाला, तारीख ठरली, जेवणाचं ठरलं. उठता उठता जोसभाऊंनी अगदी हळू आवाजात विचारलं, "ताई, रागावू नका. प्रशांत अजून फादर झाला नाही ना? आमच्यात लग्नाला फादरच लागतात असं मी ऐकलंय. एकदा विचारून घेऊ या का?" झालं. माझ्या डोक्यात असा काही जाळ झाला की विचारू नका. मला वाटलं, यांना आमचा पोरगा कमी वाटतो. आईविना वाढलेला, अजून पुरता फादरही नाही. मी म्हटलं, "आमच्या फादरांना नियम शिकवायला आता टायरवाल्यांकडे जायचं का?" लिन्सीच्या आईने पदर सावरला. जोसभाऊ हसले, म्हणाले, "नाही ताई, तुमचे फादर म्हणाले म्हणजे बरोबरच असणार." त्यानंतर त्यांनी तो विषय पुन्हा कधी काढला नाही. मी जिंकले, असंच मला वाटलं.

बाळ येशूची दर गुरुवारची नोव्हेना, म्हणजे मागणं मागायची प्रार्थना, मी कधी चुकवत नाही. त्या दोन महिन्यांत माझं मागणं एकच होतं, माझ्या प्रशांतच्या हातून माझ्या रोहितचं लग्न लागू दे. दुसरं काही मी मागितलं नाही. रोहितला सुखात ठेव असंही नाही, सून नीट वागू दे असंही नाही. बाळ येशूलाही मी वर्गातल्या मुलासारखं एकच वाक्य शंभर वेळा लिहायला लावत होते.

लिन्सीकडच्या रिवाजाप्रमाणे नवऱ्या मुलाकडून नवरीला एक खास साडी जाते. तिला ते मंत्रकोडी म्हणतात. त्याच साडीतले सात धागे काढून, पीळ देऊन त्यांचा दोरा करतात आणि त्या दोऱ्यात क्रूस कोरलेलं सोन्याचं छोटंसं पान ओवून नवरा ते नवरीच्या गळ्यात बांधतो. हे मला आवडलं होतं. मी म्हटलं, केरळची रीत असेल पण साडी आमची असणार, आणि येवल्याच्या एका विणकराकडे पैठणी सांगितली. मोतिया रंगाची, मोराचा पदर. लग्न शनिवारी. मंगळवारी सकाळी मी ती आणायला गेले. विणकराने घडी उलगडून दाखवली तेव्हा डोळे निवले. पदराच्या टोकाला त्याने मुद्दाम लांब दशा सोडल्या होत्या, धागे काढायला सोपं जावं म्हणून. खोका छातीशी धरून मी नाशिकच्या गाडीत बसले.

शेजारी एक म्हातारे गृहस्थ येऊन बसले. पांढरा सदरा, डोक्याला लोकरीची टोपी, पायाशी कापडी पिशवी. मला वाटलं निफाडकडचे कोणी बागाईतदार असतील. गाडी येवल्याच्या बाहेर पडली, कंडक्टर आला, तर यांनी मनमाडचं तिकीट मागितलं. कंडक्टर कपाळाला हात लावून म्हणाला, "ओ बाबा, मनमाडची गाडी पलीकडं लागली व्हती. ही नाशिक हाय! आता विंचूरला उतरा, तिथून लासलगाववरनं मनमाड धरा." बाबा स्वतःशीच हसले. "लय वेळा सांगतो पोरांना, पाटी वाचून बसत जा. आज म्याच बसलो." म्हणाले आणि खोक्याकडे बघून मला विचारलं, "नवरीची साडी व्हय?"

अशा वेळी मला बोलायला फार लागत नाही. मी सगळं सांगितलं. मंत्रकोडी म्हटल्याबरोबर त्यांचे डोळे चमकले. तेव्हा त्यांच्या गळ्यातल्या दोऱ्याला लाकडी क्रूस दिसला आणि मी विचारलं. ते फादर निघाले, आणि जन्माने केरळचे! चाळीस वर्षं आमच्या भागातल्या खेड्यापाड्यांत काढलेली, त्यामुळे भाषा अशी झालेली की माझ्या माहेरच्या माणसांनी लाजावं. आता थकल्यामुळे काम सोडलं होतं, मनमाडला कोणा आजाऱ्याला भेटायला निघाले होते. मला तर हर्षवायूच व्हायचा बाकी राहिला. मी आणखी रंगवून सांगू लागले, की लग्न माझा प्रशांतच लावणार, उपयाजक आहे, पत्रिकेत नावही छापलंय. पिशवीतून पत्रिका काढून हातात दिली. त्यांनी ती दोनदा वाचली. मग चष्मा काढून पुसला.

"बाई, राग नका मानू," ते म्हणाले. "पोरगी आमच्या रीतीची हाय ना? मग उपयाजकाच्या हातनं हे लगीन लागायचं नाय."

मी म्हटलं, उपयाजकांना चर्चचीच परवानगी असते. ते म्हणाले, "असती. दोघं बी लॅटिन असते तर काय बी अडचण नव्हती. तुमच्या रीतीत नवरा-नवरी एकमेकाला संस्कार देतात, फादर उभा राहतो तो साक्षीला. म्हून उपयाजक चालतो. आमच्या पूर्वेच्या रीतीत फादरनं आशीर्वाद दिला तवाच लगीन लागतं. दोघांतलं एक जरी आमच्या रीतीचं असलं, तरी फादरच पायजे. न्हायतर चर्चच्या लेखी ते लगीनच नव्हं."

मी मान फिरवली आणि खिडकीबाहेर बघत बसले. दोन्ही बाजूंना कांद्याची लागण चालली होती, बाया ओळीने वाकलेल्या होत्या. या माणसाला काय अधिकार, ज्याला धड गाडीची पाटी वाचता येत नाही, असं मी मनात म्हणत होते. विंचूर आलं. ते उठले, पिशवी घेतली, मला नमस्कार केला. खाली उतरून माझ्या खिडकीशी आले आणि म्हणाले, "माझं नका ऐकू. पण पोरीच्या बापाला एकदा इचारा. त्याला ठावं असंल."

गाडी सुटली. आणि मला माझ्याच घरातली ती संध्याकाळ आठवली, जोसभाऊंचा तो खालचा आवाज, आणि माझं ते टायरचं वाक्य. म्हणजे हे खरं होतं. मी देवाला म्हटलं, आता तुझ्याशी बोलायची नाही. एवढी वर्षं एकच गोष्ट मागितली आणि चार दिवस राहिले असताना तू ती हातातून काढून घेतोस? पत्रिका घरोघर गेल्या आहेत. प्रशांतच्या सेमिनरीतून त्याचे मित्र येणार आहेत. मी कोणाला काय तोंड दाखवू?

खरं सांगते, निफाड येईपर्यंत मी गप्प बसायचं ठरवलं होतं. कोणाला कळणार आहे? त्या बाबांचं नाव मला माहीत नाही, माझं त्यांना नाही. फादर खूश आहेत, प्रशांत खूश आहे, जोसभाऊ पुन्हा विचारणार नाहीत. शनिवार पार पडेल, फोटो निघतील. पुढे कधी उघडकीला आलं तर आम्हाला माहीत नव्हतं म्हणता येईल. जन्मभर मुलांना खरं बोला म्हणून शिकवलं, आणि अशी पळवाट शोधायला मला दहा मिनिटंही लागली नाहीत. सवयीने हात पर्समध्ये गेला आणि जपमाळ बाहेर आली. अबोला धरलेला असला तरी बोटं आपली चालतात. पहिल्या मण्यावर प्रभूची प्रार्थना सुरू केली आणि देवाच्या इच्छेप्रमाणे होवो असं म्हणायची ओळ आली, तिथे माझी जीभ अडली. पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. पुन्हा तिथेच अडले. तिसऱ्यांदा अडले तेव्हा जपमाळ मांडीवरच्या खोक्यावर ठेवली, आणि नजर त्या खोक्यावर गेली.

ही साडी ती पोरगी नेसणार. हिच्यातले धागे गळ्यात बांधून घेणार, आणि आपलं लग्न लागलं असं समजून माझ्या घरात पाऊल टाकणार. रोज सकाळी उठून मला चहा देणार, माझ्या नातवंडांना बाप्तिस्म्याला नेणार. आणि ते लग्नच नाही, हे सबंध घरात एकट्या मला ठाऊक असणार. मी तिच्याकडे कुठल्या डोळ्यांनी बघणार होते? तिने माझं काय वाकडं केलं होतं? मला एकदम रडू फुटलं. पलीकडच्या सीटवरची बाई विचारू लागली, काय झालं, कोणी गेलं का. मी म्हटलं, नाही हो, लग्न आहे घरी. ती आणखीनच बुचकळ्यात पडली. मी पुन्हा प्रार्थना सुरू केली आणि या खेपेला ती ओळ म्हटली. नुसती ओठांनी नाही, खरोखर म्हटली. म्हणजे असं, की प्रशांतच्या हातून नाही तर नाही, पण या पोरीचं लग्न खरं लागू दे. मला फार हलकं वाटलं असं मात्र झालं नाही. उलट आता जोसभाऊंसमोर उभं राहायचं होतं.

नाशिकला उतरून रिक्षा केली ती सरळ त्यांच्या दुकानावर. ते एका ट्रकच्या चाकाशी बसलेले, कोपरापर्यंत हात काळे. मला बघून धडपडत उठले, बसायला खुर्ची पुसली, चहा सांगू लागले. मी उभ्या उभ्याच म्हटलं, "जोसभाऊ, मी तुम्हाला वाईट बोलले. तुमचं बरोबर होतं. मला माफ करा." आणि बसमधलं सगळं सांगितलं. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "ताई, मलाही पक्कं माहीत नव्हतं. गावाकडे एकदा असंच काहीतरी झालं होतं, ते ऐकलं होतं फक्त."

"मग पुन्हा का नाही विचारलंत? माझं डोकं फिरलं होतं, तुमचं तर नव्हतं ना?"

"मुलीचा बाप आहे मी," ते म्हणाले. "भांडण झालं तर त्रास लिन्सीला. तिची आई आणि मी रोज जपमाळ करत होतो. देवाला सांगत होतो, आम्हाला बोलता येत नाही, तू कोणाला तरी पाठव." एवढं बोलून त्यांनी कपाळावर क्रूसाची खूण केली आणि ग्रीसचा काळा डाग कपाळावर उमटला. तो पुसायचं त्यांना सुचलं नाही, मलाही नाही. तसेच आम्ही दोघं फादरांकडे गेलो.

आमच्या फादरांचा चेहरा उतरला. त्यांनी बिशपांच्या कार्यालयात फोन लावला. पाच मिनिटांत उत्तर आलं. बसमधल्या बाबांनी सांगितलं होतं ते शब्दाला शब्द खरं होतं. फादर फोन ठेवून खुर्चीत मागे टेकले. म्हणाले, "बाई, चिडू नका. फॉर्म भरताना माझ्या मनात आलं होतं की मुलगी दुसऱ्या रीतीची आहे, एकदा विचारून घ्यावं. पण तुम्ही इतक्या आनंदात होतात, मला ते जड गेलं. चूक माझीच आहे. देवानेच वाचवलं." मी विचारलं, आता पुढे काय? मला वाटलं होतं, अर्ज, परवानग्या, तारखा पुढे ढकलणं. फादर म्हणाले, "काही नाही. मिस्सा मी करणारच होतो, आता लग्नही मी लावतो. प्रशांत शुभवर्तमान वाचेल, प्रवचन करेल." बस, एवढंच! डोंगराएवढं संकट आणि उपाय चिमूटभर. जोसभाऊ आणि मी एकमेकांकडे बघून हसायला लागलो, ते हसू थांबेना. फादर आमच्याकडे बघत राहिले.

मग प्रशांतला फोन लावला. त्याच्या आयुष्यातला हा मान मी काढून घेणार होते. मी सांगितलं. मग तो म्हणाला, "मावशी, तुला राग येणार नाही ना? मला हे वर्गात शिकवलं होतं. अर्धवट आठवत होतं, दोघंही पूर्वेच्या रीतीचे असले तरच असं असावं म्हणून मी मनाची समजूत घातली. सरांना विचारणार होतो, पण उत्तर नको ते आलं तर तुला कसं सांगायचं? चार दिवस झोप नाही मला." आणि माझा तो तेवीस वर्षं सांभाळलेला लेक फोनवर हुंदके देऊन रडायला लागला. सुटल्याचं रडणं होतं ते. रोहितला सांगितलं तर तो म्हणाला, "आई, म्हणजे तू सरळ कोणाची तरी माफी मागितलीस? मी लग्नापेक्षा हाच समारंभ बघायला यायला हवं होतं." त्याला मी एक धपाटा घातला, पण हळू.

रात्री निजायच्या आधी सगळं मनात मांडून पाहिलं तेव्हा मात्र हसू आलं नाही. जोसभाऊंना थोडं ठाऊक होतं. फादरांना शंका आली होती. प्रशांतला तर शिकवलेलंच होतं. तिघंही भली माणसं, तिघांचंही या लग्नावर प्रेम. आणि तिघंही गप्प राहिले ते एकाच कारणाने, मला भिऊन. या लग्नापायी चार माणसांनी बोलण्याआधी मला रागावू नका म्हणून विनवलं होतं. माझ्या ओळखीचा एकही माणूस मला खरं सांगू शकत नव्हता. म्हणून देवाला मला न ओळखणारा माणूस शोधावा लागला, आणि त्याला चुकीच्या गाडीत बसवून माझ्या शेजारी आणावं लागलं. हा चमत्कार होता की योगायोग, ते ठरवायचा मला अधिकार नाही. पण त्या रात्री मला जे कळलं ते कुठल्याही प्रवचनात कळलं नव्हतं. मला वाटायचं मी देवाजवळ मागते आहे. खरं तर मी त्यालाही फर्मावत होते, आणि तो इतरांसारखा मला भ्यायला नाही.

त्या बाबांचा मी पुष्कळ शोध घेतला. फादरांनी दोन-तीन ठिकाणी चौकशी केली. केरळचे, थकलेले, आपली बोली बोलणारे दोन फादर सापडले, पण त्या मंगळवारी दोघांपैकी कोणीच येवल्याला गेलं नव्हतं. आणखी कोणी असतील. मनमाडच्या त्यांच्या आजाऱ्यासाठी मी अजून प्रार्थना करते, कारण माझ्यामुळे त्याला त्या दिवशी भेट उशिरा मिळाली.

शनिवारी ऊन छान पडलं होतं. प्रशांतने शुभवर्तमान वाचलं तेव्हा त्याचा आवाज सुरुवातीला कापला, मग स्थिर झाला. प्रवचनात त्याने सगळ्यांना सरळ सांगितलं की पत्रिकेत माझं नाव आहे, पण लग्न फादर लावतील, कारण माझ्या वहिनीच्या रीतीत आशीर्वादाला फादरच लागतात आणि आम्हाला हे लग्न पक्कं लावायचं आहे. लोक हसले. मी खाली मान घालीन असं मला वाटलं होतं, पण मीही हसले. मग फादरांनी दोघांना पुढे बोलावलं, वचनं घेतली, दोघांच्या हातांवर हात ठेवून आशीर्वाद दिला. रोहितने त्या सात धाग्यांचा दोरा लिन्सीच्या गळ्यात बांधला आणि पैठणी उलगडून तिच्या डोक्यावरून घातली. ती मोतिया रंगात झाकली गेली, आणि मला आतून ठामपणे कळलं की लागलं. हे लग्न लागलं. इतका मोठा श्वास मी यजमान गेल्यापासून घेतला नव्हता. पुढच्या बाकावरून जोसभाऊंनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं. आम्ही दोघंही रडत होतो आणि दोघांनाही त्याचं काही वाटत नव्हतं.

मिस्सा झाल्यावर सह्या करायला आम्ही आतल्या खोलीत गेलो. फादरांनी नोंदवही उघडली. लग्न लावणाऱ्याच्या ओळीवर त्यांनी सही केली. ती ओळ मी दोन महिने स्वप्नात पाहिली होती, प्रशांतच्या अक्षरात. खाली साक्षीदारांच्या दोन ओळी होत्या. रोहितने प्रशांतच्या हातात पेन दिलं. प्रशांतने सही केली, भावाचा साक्षीदार म्हणून. दुसरी ओळ लिन्सीकडच्यांची. तिची मावसबहीण पुढे झाली, तर लिन्सीने तिला हाताने थांबवलं आणि पेन माझ्यापुढे धरलं. "आई, तुम्ही करा," ती म्हणाली. तोपर्यंत ती मला आंटी म्हणत असे.

शाळेत असताना मी हजारो कागदांवर सह्या केल्या असतील, आणि प्रत्येक सहीखाली माझ्या हुद्द्याचा शिक्का असायचा. इथे नावापुढे एकच शब्द छापलेला होता, साक्षीदार. मी चष्मा लावला, पण अक्षरं धूसरच दिसत होती. लग्न ज्याने लावायचं त्याने लावलं होतं, माझ्याकडून त्याला एवढंच हवं होतं की मी ते बघावं आणि खरं झालं म्हणून सही करावी. मी सही केली. हे प्रभू, तू माझी नोव्हेना ऐकली नाहीस, म्हणून माझी सून खरी सून झाली. तुझे फार फार उपकार आहेत.